मधला ठोका

सुबोधनं पिशवीतून स्वेटर काढला आणि आई घाबरली. मे महिना होता, देवखेड्यात दुपारी कावळेसुद्धा बाहेर पडत नव्हते, आणि पुण्याहून एसटीनं आलेला होणारा जावई स्वेटर घेऊन आला होता. माझं लग्न आठवड्यावर आलेलं. त्याच्या प्रकृतीची चौकशी करायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

पण स्वेटर अंगात घालण्यासाठी नव्हता. सुबोधनं तो मांडीवर ठेवून हळूहळू उलगडला आणि आतून ग्रामोफोनची एक काळी तबकडी निघाली.

"सर, ही तुमच्यासाठी," तो पप्पांना म्हणाला. "साखरपुड्याला तुम्ही 'ये घरा' वाजवलंत ना, तेव्हापासून ती चाल डोक्यातून जात नव्हती. परवा जुन्या बाजारात एका म्हाताऱ्यानं ही लावून दाखवली आणि मी जागच्या जागी थांबलो. तीच चाल. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातलं गाणं आहे. तुमच्या गाण्याचं मूळ गाणं."

पप्पांनी तबकडी दोन्ही हातांत घेतली. पप्पा, म्हणजे शमुवेल पारधे, मिशन शाळेत पी.टी.चे मास्तर होते आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवायचे. मैदानाच्या या टोकाला बोलले की त्या टोकाची पोरं सरळ उभी राहायची. पण त्या दिवशी ते मला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू बोलले.

"मार्थाताईला बोलाव," ते मला म्हणाले. "आन ती बसायच्या आधी ही टेबलावर ठेव."

हे दुसरं वाक्य कळायला थोडं मागं जावं लागेल.

माझे आजोबा, याकोब पारधे, कंपाउंडातल्या अमेरिकन साहेबाचे खानसामा होते. कंपाउंड म्हणजे मिशनचं कंपाउंड: चर्च, शाळा, दवाखाना आणि आमची पाच-पंचवीस घरं. साहेबाकडं चावीचा ग्रामोफोन होता आणि एक गाणं त्याच्या फार आवडीचं होतं. ते रोज संध्याकाळी लागायचं. बटाटे सोलता सोलता आजोबांच्या कानात ती चाल इतकी बसली की त्यांनी तिच्यावर मराठी शब्द रचले आणि वाट चुकलेल्याला घरी बोलावणारं एक गीत तयार केलं. साहेब मायदेशी गेला तेव्हा ग्रामोफोन आणि ती तबकडी आजोबांना देऊन गेला. ग्रामोफोन टिकला. तबकडीवर मार्था आत्या लहान असताना बसली.

पप्पा तेव्हा पाळण्यात होते. त्यामुळं मूळ गाणं त्यांनी कधी ऐकलंच नाही, आणि त्याचा राग त्यांनी थोरल्या बहिणीवर जन्मभर धरला. आत्या पुढं इंग्रजीची शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, सत्कार होऊन निवृत्तही झाली. पण घरात तिची ओळख तबकडीवर बसलेली हीच राहिली. तिचं उत्तर ठरलेलं असे. "ती आधीपासूनच बिघडलेली होती," असं ती म्हणायची, आणि कुणीही तिच्यावर विश्वास ठेवत नसे.

मूळ गाणं गेलं तरी आजोबांचं गाणं राहिलं. देवखेड्याच्या चर्चमध्ये नवरी आत येते ती आजही त्याच गाण्यावर:

वाट चुकल्या लेकरा रे, ये घरा तू, ये घरा,
घडा भरूनी ठेविला मी, ये घरा तू, ये घरा,
दार उघडे तुजसाठी, ये, ये, ये...

इथं सगळे थांबतात. तीनदा 'ये' म्हणून झालं की अख्खं चर्च समोरच्या बाकावर मूठ आपटतं. एकदाच, पण दणकून. मग पुढं 'ये घरा'. आणि शेवटच्या ओळीला गाणं संथ होत जातं, आवाज खाली खाली उतरतात, बायकासुद्धा पुरुषांच्या आवाजात जातात आणि सगळे डुलकी लागल्यासारखे थांबतात. मधला ठोका म्हणजे हृदयाच्या दारावर प्रभू ठोकतो तो, आणि शेवटी उतरतो तो नम्र झालेला आत्मा, असं आमचे पाळकसाहेब सांगत. त्यांच्या आधीचे पाळकही तेच सांगत. बाहेरगावचे पाहुणे पहिल्यांदा दचकत, दुसऱ्यांदा मूठ आपटत.

लहानपणी चर्चमध्ये मला ती एकच जागा आवडायची. बाकी सगळा वेळ हातपाय न हलवता बसायचं. तेवढं एकदा मात्र वडीलधाऱ्यांच्या देखत बाक बडवायला मिळायचा. माझ्या लग्नात सगळं चर्च माझ्यासाठी एकदम ठोका देणार, हे मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ठरलेलं होतं. साडी कसली, दागिने कोणते, याचं मला काही नव्हतं. मग सुबोध आला आणि मला तोही हवासा झाला. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आत्या आली. तिला दूरची खुर्ची दिली. सुबोधनं ग्रामोफोनची चावी पूर्ण फिरवली, तबकडी ठेवली, फुंकर मारली आणि सुई टेकवली.

आधी एक सारंगीसारखं काहीतरी किरकिरत आलं, मग नाकात गाणारा एक माणूस. चाल आमचीच होती, यात शंका नाही. पण ती दुडक्या चालीनं पळत होती. पप्पा मान डोलवायला गेले आणि त्यांची मान मागं पडली.

"चावी जास्त दिली तुम्ही," ते म्हणाले.

"नाही सर. वेग असाच आहे."

"या वेगानं आमची नवरी वेदीपर्यंत पळत जाईल."

सुबोध हसला. पप्पा हसले नाहीत. ती जागा जवळ आली तशी त्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ उचलली. मी उचलली. आईनंही स्वयंपाकघराच्या दारात, हातातल्या पळीसकट उचलली. आणि तो नाकातला माणूस एकदाच काय ते 'ये' म्हणून सरळ पुढं निघून गेला. आमच्या तिघांच्या मुठी तशाच वर राहिल्या.

"ठोका कुठं गेला?" पप्पांनी विचारलं.

"मूळ गाण्यात नाहीये, सर."

"परत लावा."

परत लावली. ठोका नव्हता. तीनदा 'ये' नव्हतं. शेवट संथ नव्हता. गाणं आलं तसं किरकिरत संपलं. पप्पांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितली, जणू तो माणूस यावेळी तरी लक्ष देऊन गाईल.

"शब्द काय आहेत ते कुणाला ऐकायचे आहेत का?" आत्यानं विचारलं. ती कागद-पेन्सिल घेऊनच बसली होती. आम्ही हो म्हणायच्या आत तिनं घसा साफ केला. आत्याचं मराठी पाठ्यपुस्तकातलं होतं.

"सोमवारी माझी पत्नी मला सोडून गेली. मी जेवलो आणि झोपलो. मंगळवारी माझे खेचर मला सोडून गेले."

"काय गेलं?" आईनं विचारलं.

"खेचर. गाढव आणि घोडी यांचं अपत्य. पुढं ऐक. तेव्हापासून मला झोप नाही. पत्नी गेली तर जावो, परंतु हे खेचरा, तू घरी ये. तुझी बादली मी भरून ठेवली आहे. तबेल्याचे दार उघडे आहे. ये घरी, ये घरी."

मला हसू फुटत होतं आणि पप्पांकडं बघून ते गिळावं लागत होतं. कंपाउंडातल्या झाडून सगळ्या बायका त्या गाण्यावर नवरी होऊन आत गेल्या होत्या. आईसुद्धा.

"दादांना इंग्रजी येत नव्हतं," पप्पा शेवटी आजोबांबद्दल म्हणाले. "नुसती चाल घेतली त्यांनी. शब्दांचा काही संबंध नाही."

"बादली त्यांना कळली होती, शमुवेल," आत्या म्हणाली. "तिचा घडा केला त्यांनी. आणि तबेल्याचं दारही कळलं होतं."

इथं सुबोध गप्प बसला असता तर पुढचं काही झालं नसतं. पण तो बँकेत दिवसभर गप्प बसायचा, आणि गाण्याचा विषय निघाला की ते सगळं भरून काढायचा. तो उत्साहानं दोन्ही गाणी शेजारी ठेवून सांगायला लागला. मूळ गाण्यात खेचराच्या टापांचा वेग आहे, आपल्याकडं पायपेटीचा भाता फाटल्यामुळं तो मंदावला असावा. मूळ गाण्यात शेवट गमतीचा आहे, आपल्याकडं मरगळलेला आहे. आणि तो ठोका तर तालातच बसत नाही. मागं कधीतरी कुणाची तरी चूक झाली आणि तीच सगळ्यांनी गिरवली.

"चूक," पप्पा म्हणाले.

"म्हणजे वाईट अर्थानं नाही, सर. पण आता मूळ मिळालंय तर लग्नात आपण ते नीट करू या. शब्द तुमचेच राहू देत. माझे काका व्हायोलिन वाजवणारच आहेत. मूळ वेगात, तो ठोका काढून."

"सुबोधराव," पप्पा म्हणाले, आणि मी आईकडं बघितलं. साखरपुड्यापासून ते त्याला नुसतं सुबोध म्हणत होते. "चहा घ्या. गार होतोय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सुबोध पाळकसाहेबांकडं मुक्कामाला होता आणि आत्या रात्री दोन घरी जाऊन आली होती, त्यामुळं सकाळपर्यंत खेचर कंपाउंडभर फिरलं. चर्चमध्ये 'ये घरा' सुरू झालं तेव्हाच मागच्या बाकांवर खाकरणं चाललेलं. 'घडा भरूनी' आलं आणि कुणीतरी हळूच 'बादली' म्हणालं. झालं. गायनमंडळातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. दवाखान्यातल्या सिस्टर हिवाळे इतक्या हसल्या की त्यांना बाहेर न्यावं लागलं. ठोका आला तो एकसाथ नाहीच. इकडं एक, तिकडं दोन, जिन्यावरून बटाटे सांडल्यासारखा. पप्पांनी गाणं मध्येच थांबवलं आणि पायपेटीचं झाकण लावलं.

उपासना झाल्यावर लिंबाच्या झाडाखाली ते सुबोधसमोर उभे राहिले. चर्चमधून बाहेर पडणारे लोक वहाणा शोधायचं निमित्त करून तिथंच रेंगाळले.

"मिस्टर रणभिसे," पप्पा म्हणाले. म्हणजे सुबोधरावही गेलं होतं. "माझ्या बापाच्या गाण्यात चूक नाही. माझ्या पोरीच्या लग्नात ते ठोक्यासकट होईल. ठोका नसेल तर मी पायपेटीवर बसणार नाही, आन पोरीचा हात धरून आतही येणार नाही."

"सर, माझ्या घरचे सगळे येणार आहेत, काकांचे मित्र येणार आहेत," सुबोध म्हणाला. तोही लाल झाला होता. "मूळ गाणं माहीत असताना चुकीचं गाणं माझ्या लग्नात मी वाजू देणार नाही. नाहीतर मग विचार करावा लागेल."

"करा की विचार. एसटी चारला आहे."

कुणी मला विचारलंच नाही. माझं लग्न होतं, पांढरी साडी शिवणकामवाल्या मावशींकडून फॉल लावून आली होती, आणि हे दोघे एका ठोक्यावरून ते मोडायला निघाले होते. मी सुबोधला बाजूला ओढलं.

"तुला ठोका नकोय की मी नकोय?"

"तू हवी आहेस. पण अगं, गाणं मुळात जसं आहे तसंच असायला हवं ना? लोकांनी बिघडवलेलं कशाला गायचं?"

"मला ते बिघडवलेलंच हवंय. लहानपणापासून हवंय."

"का पण? कारण सांग एक."

मला कारण सांगता येईना. दारावर ठोकणारा प्रभू वगैरे मी सांगू शकले असते, पण ते पाळकसाहेबांचं कारण होतं. माझ्यापाशी नुसती मूठ होती. मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला जास्तच राग आला.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. जाडजूड, शांत माणूस; भांडणं जेवणानंतर सोडवावीत या मताचे. "लग्न मी लावणार आहे," ते म्हणाले, "त्यामुळं मलाही ऐकू द्या. दुपारी पारध्यांच्या घरी दोन्ही गाणी शेजारी शेजारी ऐकू. आधी त्यांचं, मग आपलं. आणि त्याआधी कुणीही एसटीला जाणार नाही."

दुपारी आम्ही पुन्हा त्याच खोलीत बसलो. आईनं सुबोधला आणि पप्पांना खोलीच्या दोन कोपऱ्यांत बसवलं होतं. आत्या दूरच्या खुर्चीत. पाळकसाहेब मध्ये, पोट भरल्यामुळं डोळे अर्धे मिटलेले. ग्रामोफोनची चावी फिरवायचं काम माझ्याकडं आलं. मी इतकी चिडलेली होते की चार गरके दिले आणि सोडून दिली. फिरायचं तर फिरा, नाहीतर राहा.

सुई टेकली. सारंगी किरकिरली. सोमवारी बायको गेली, मंगळवारी खेचर गेलं. पाळकसाहेबांनी डोळे उघडून बोटांनी ताल धरला आणि पप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की तो लगेच सोडला.

"आता ऐका," पप्पा उठून ग्रामोफोनपाशी आले. "घडा झाला. म्हणजे ती बादली. आता दार. पाळकसाहेब, नीट ऐका, हा माणूस इथं नुसताच पुढं जातो. तुम्हीच सांगा, इथं रिकामं वाटतं का नाही? इथं ठोका पाहिजे. असा."

आणि त्यांनी दाखवला. पी.टी.च्या मास्तरांचा हात होता तो. ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर दाणकन पडला.

सुई उडाली. कर्रर्र असा एक आवाज झाला, अंगावर काटा यावा तसा, आणि सुबोध खुर्चीतून उभा राहिला. जुन्या बाजारातून स्वेटरमध्ये गुंडाळून, मांडीवर धरून आणलेली त्याची तबकडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ओरखडली गेली होती. पप्पांचा हात हवेतच राहिला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. भांडण सगळं खरं होतं, पण वस्तू फोडणारा माणूस नव्हता तो.

"सुबोध," ते म्हणाले. "मी मुद्दाम नाही..."

पण त्यांचं बोलणं कुणी ऐकलं नाही, कारण गाणं अडकलं होतं. सुई ओरखड्यात जाऊन बसली होती आणि तो नाकातला माणूस त्याच्या भाषेत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. ये. ये. ये. ये.

ये. ये. आईच्या हातात बशी होती. पाळकसाहेबांचं तोंड उघडं होतं. ये, ये, करत तो माणूस खेचराला बोलावतच राहिला, आणि आम्ही सगळे ते ऐकत राहिलो, कारण ते आम्हाला पाठ होतं.

सुबोध दोन पावलांत ग्रामोफोनपाशी आला. जुन्या तबकड्या वाजवणाऱ्या माणसाला अशा वेळी काय करायचं हे शिकवावं लागत नाही. त्यानं पेटीच्या कडेवर हाताचा तळवा मारला. एकदाच.

ठक.

सुई सुटली. घरी, असं म्हणून तो माणूस पुढं निघाला.

सुबोध आपल्या हाताकडं बघत राहिला. मग त्यानं पप्पांकडं बघितलं. कुणी काही बोलायच्या आत शेवटची ओळ आली, आणि मी दिलेले चार गरके संपले. तबकडी हळू फिरायला लागली. गाणं संथ झालं, आवाज खाली खाली उतरला, तो माणूस छातीतून, मग पोटातून गायला लागला, सारंगी म्हशीसारखी हंबरली, आणि डुलकी लागल्यासारखं सगळं थांबलं.

आमचं गाणं होतं ते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जसंच्या तसं.

सगळ्यात आधी आत्या बोलली.

"ती आधीपासूनच बिघडलेली होती," ती म्हणाली. ती हे आयुष्यभर म्हणत आली होती, पण या वेळी सगळे तिच्याकडं वळून बसले. "मी बसले तेव्हा ती बिघडलेली होती. साहेब खुर्चीत पाय पसरून बसायचे, चावी संपत आली तरी उठायचे नाहीत. ती अडकायची. मग ते हाक मारायचे, याकोब. दादा आतून हात पुसत पुसत यायचे, पेटीवर एक मारायचे आणि परत आत जायचे. रोज. मला वाटायचं, तेही गाण्यातलंच आहे. दादांनाही तसंच वाटलं असेल."

पप्पा खुर्चीत बसले. आजोबा गेले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. घरात आजोबांचा फोटो नव्हता. खानसाम्याचा फोटो कोण काढणार? पप्पांना बापाचा चेहरा आठवत नसे, आणि हे ते कुणापाशी बोलत नसत.

"म्हणजे तो हात होता दादांचा," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी पायपेटीवर बसतोय. दर रविवारी अख्खं चर्च माझ्या बापाचा हात वाजवत होतं, आन मला म्हाईत नव्हतं."

ते रडायला लागले. पी.टी.चे मास्तर रडतात तसेच, ताठ बसून. मीही रडले. सकाळी मला जे कारण सांगता आलं नव्हतं ते हे नव्हतं, खोटं कशाला बोलू; मला तरी आजोबांचं कुठं काय माहीत होतं? पण आता कारण मिळालं होतं आणि ते कुणी माझ्याकडून काढून घेणार नव्हतं.

सुबोधनं तबकडी उचलून उजेडात धरली. ओरखडा चांगला लांबलचक होता.

"तुमची तबकडी मी वाया घालवली," पप्पा डोळे पुसत म्हणाले.

"वाया कुठं, पप्पा," सुबोध म्हणाला. त्यानं त्यांना पप्पा म्हटल्याची ती पहिली वेळ. "आत्ता कुठं ती बरोबर वाजायला लागलीय."

आणि तो हसायला लागला. आधी हळू, मग खुर्चीचा आधार घेऊन. आत्या हसली, आई हसली, पप्पा रडता रडता हसले. पाळकसाहेब तेवढे गंभीर होते.

"माझं प्रवचन आहे ठोक्यावर," ते म्हणाले. "दर वर्षी असतं."

"मग आता?" आईनं विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "वाट चुकलेलं कुणीतरी अडकून बसतं, आणि मग कुणीतरी येऊन एक ठोका देतं, तेव्हा ते पुढं जातं. हेच तर मी सांगत होतो. नुसतं खेचराचं नाव काढायचं नाही."

लग्न ठरल्या दिवशी झालं. सुबोधच्या काकांनी आधी व्हायोलिनवर दुसरं काहीतरी वाजवलं आणि ते छान होतं. मग पप्पा माझा हात धरून मला वेदीपर्यंत घेऊन आले, मला सुबोधशेजारी उभं केलं आणि घाईघाईनं पायपेटीवर जाऊन बसले. म्हणजे नवरी आत येताना गाणं झालंच नाही, आल्यावर झालं. दोन्ही कामं एकाच माणसाला करायची तर दुसरा उपाय नव्हता, आणि गाणं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.

'घडा भरूनी' आलं तेव्हा कुणी हसलं नाही. आत्यानं आदल्या आठवड्यात पुन्हा सगळ्या घरांना भेटी दिल्या होत्या. ये, ये, ये. अख्ख्या चर्चनं मुठी उचलल्या. आमच्यासमोर बाक नव्हता, त्यामुळं मी नुसतीच उभी होते. सुबोधनं मात्र इकडं तिकडं बघितलं, हात लांब केला आणि बाजूच्या पायपेटीवरच तळवा मारला, पप्पांच्या नाकासमोर. सगळ्या बाकांचा आणि त्याचा ठोका एकदम पडला. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंच्या हातातली पर्स उडून पाळकसाहेबांच्या पायाशी गेली. पप्पांनी पेटीवरून वर बघितलं. जावयाकडं इतक्या प्रेमानं बघणारा सासरा मी नंतर पाहिला नाही.

आता पप्पा नाहीत, आत्या नाही. ग्रामोफोन आमच्या पुण्याच्या घरी आहे. सुबोधला मध्यंतरी त्या गाण्याची दुसरी तबकडी मिळाली, अगदी स्वच्छ, एक ओरखडा नसलेली. पाहुणे आले की तो त्यांना ती ऐकवतो आणि मूळ गाणं कसं आहे ते सविस्तर सांगतो. त्या जागेला नाकातला माणूस न अडखळता सरळ पुढं जातो, आणि आम्हा दोघांचे हात तसेच वर राहतात. पाहुणे गेले की सुबोध ती काढून ठेवतो आणि आपली तबकडी लावतो. ठोका द्यायची पाळी एकदा त्याची असते, एकदा माझी.